दहा वर्षांचा करार

गोठ्यात सायकालनं सातव्यांदा ते नाव घ्यायचा प्रयत्न केला, आणि गायीनं शेपटी सरळ तिच्या तोंडावर मारली.

"मार," सायकाल म्हणाली. "तुला सासू असती म्हणजे कळलं असतं."

बादली पायात धरून ती पुन्हा पुटपुटली. बुरुलचा, जुमाबाय-किझी म्हणजे जुमाबायची लेक. पहिलं अक्षर निघायचं, बाकीचं घशात बसायचं. एकवीस वर्षं ती या घरात सून होती आणि एकवीस वर्षांत सासूचं नाव तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. मोठ्या दिराचं नाही, नणंदेचंही नाही. सासू म्हणजे आपा, दीर म्हणजे मोठे आके, नणंद म्हणजे एजे. कोचकोरच्या बाजारातल्या नव्या सुना सासूला बिनधास्त नावानं हाका मारतात. मारू देत. सायकाल आली तेव्हा सासरा जिवंत होता, आणि त्याच्यासमोर सुना जीभ सांभाळून असायच्या. सासूच्या नावात करड्या रंगाचा शब्द येतो, म्हणून सायकाल घरच्या करड्या घोड्याला 'धुरकट' म्हणायची. सुरुवातीला सगळे हसले. मग सगळं घरच त्याला धुरकट म्हणायला लागलं.

पण नोटरीबाईनं फोनवर बजावलं होतं. करार दोघींनी मोठ्यानं वाचायचा. मी अमुक, हिच्याबरोबर, स्वखुशीनं. नाव न घेता चालणार नाही, कागदाला 'आपा' कळत नाही.

"बोतोम!" घरातून हाक आली. "गायीचं दूध काढतेस की तिला शाळेत घालतेस?"

बोतोम म्हणजे उंटाचं पिल्लू. आपा तिला पहिल्या दिवसापासून तेच म्हणत आली होती. सायकाल तेव्हा उंच, काटकुळी आणि कायम तोंड फुगवलेली असायची.

आपा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. केस मोकळे, हातात कंगवा, आणि चेहऱ्यावर स्वतःचंच लग्न असल्यासारखा भाव.

"वेणी घट्ट घाल. ती बाई शहरात शिकलेली आहे."

"नोटरी तुमची वेणी बघायला येत नाहीये आपा."

"सगळं बघतात. म्हातारी शुद्धीवर आहे का, कुणी दमदाटी केलीय का, सगळं. विस्कटलेली दिसले तर म्हणेल हिचं डोकं फिरलंय, हिची सही चालत नाही. बंडी आण."

सायकालनं पेटीतून मखमली बंडी काढली, जांभळी, कडेला चंदेरी वेलबुट्टी. तिनंच ती आपाच्या अंगात घातली, म्हणजे आपाचा हात आतल्या शिवणीवर जाणार नाही. आपानं बटणं लावली आणि कमरेवर दोन्ही हात ठेवले.

"बघ. वीस वर्षांपूर्वी शिवलेली. अजून जशीच्या तशी बसते. आणि आमची लेक जिपार बघ, तिला स्वतःचा टॉवेल पुरत नाही आता."

"बसते खरी," सायकाल म्हणाली.

गेल्या गुरुवारीच तिनं ती दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतली होती. जूनपासून तिसऱ्यांदा. आत दुमडलेलं कापड आता दोरीसारखं जाड झालं होतं. पोशाखांचंही तेच. आपा दुपारी झोपली की सायकाल खिडकीत सुई घेऊन बसायची आणि म्हातारी जागी व्हायच्या आत दोरा तोडायची.

"ताठ बसायचं आज," आपा म्हणाली. "आणि मी काय देतेय, काय घेतेय ते नीट कळू दे तुला. घर तुझं, अंगण तुझं, गोठा तुझा. त्याबदल्यात मी जगेन तोवर मला सांभाळायचं. आता मी एकोणऐंशी. माझी आई नव्वदीत घोड्यावर बसायची. म्हणजे धर दहा वर्षं. दहा वर्षं माझे पाय चेप, माझी बडबड ऐक, माझ्या शिव्या खा. स्वस्त नाही हा सौदा. मला तर वाटतं तूच फसतेयस."

"चालेल की."

"चालेल की काय? नीट हो म्हण. ती बाई म्हणाली, एकीनं विचारायचं, दुसरीनं हो म्हणायचं. मधे 'पण' आला की तो करार नाही, नुसत्या गप्पा."

सायकाल वेणीच्या टोकाला लोकर गुंफत राहिली.

ही सगळी कल्पना आपाचीच होती. सायकालचं आणि आपाच्या धाकट्या मुलाचं, एसेनचं, लग्न मुल्लासमोर झालं होतं. सरकारदरबारी नोंदवायचं राहून गेलं. एसेन म्हणायचा, करू कधीतरी. मूल झालं नाही, आणि अकरा वर्षांपूर्वी तो कामासाठी रशियात येकातेरिनबुर्गला गेला. तिथं त्याचं दुसरं घर झालं, मुलगा झाला, आता नव्या वर्षाला फोन येतो. घर आपाच्या नावावर होतं आणि कागदावर सायकाल या घराची कुणीच नव्हती. आपा गेली की घर तिन्ही पोरांचं. जुमगालला सायकालचा भाऊ होता, पण त्याच्या दोन खोल्यांत सात माणसं राहायची आणि वहिनी तिला पाहुणी म्हणून दोनच दिवस हसून बघायची.

मृत्युपत्र कर असं कुणीतरी सुचवलं, तर आपा म्हणाली, मेल्यावर निघणारा कागद मेल्यावरच फाडतात. मग दानपत्र कर. तर म्हणाली, फुकट दिलं की घेणारा वाकून राहतो, आणि मी हिला वाकलेली बघणार नाही. माझं तिला, तिचं मला, असा करार हवा.

मोठा मुलगा तेमिरकुल आणि जिपार अकरा वाजता आले. तेमिरकुल बिश्केकहून पांढऱ्या गाडीतून, काखेत हे एवढं कलिंगड. वाटेत त्यानं नारीनच्या मश्रुत्कातून, प्रवासी व्हॅनमधून, उतरलेल्या बहिणीला घेतलं होतं. जिपारनं पिशवीभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणले होते. दोघंही आईला भेटताना एक क्षण जास्त थांबले. सायकालनं ते टिपलं, आणि आपाला दिसू नये म्हणून मधे चहाची किटली धरली.

जेवणासाठी दस्तरखानाचं कापड पसरलं. नान, साय, जर्दाळूचा मुरंबा. तेमिरकुलनं नान मोडला आणि खाल्ला मात्र नाही.

"आपा," तो म्हणाला, "तीन पोरं जिवंत आहेत तुझी. आणि तू दोन घास मिळावेत म्हणून कागद करतेस? मी गावात कुठल्या तोंडानं फिरू?"

"तू गावात फिरतोस कधी? गाडीतून उतरतोस आणि गाडीत बसतोस."

जिपार हसली आणि लगेच भावाकडे बघून गप्प झाली.

"हे एसेनचं घर आहे," तेमिरकुल म्हणाला. "चूल धाकट्याची असते. बाबांनी त्याला दिली."

"दिली. मग तो कुठाय? आज सकाळी चूल कुणी पेटवली ते विचार की."

"आम्ही कुणी तिला हाकलणार आहोत का आपा?" जिपारनं मुरंब्याची वाटी उगाच पुढे सरकवली. "तोंडानं सांगतोय ना. सायकालला कुणी काही म्हणणार नाही."

"माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यानं तोंडानं तीस मेंढ्या सांगितल्या होत्या," आपा म्हणाली. "माझा बाप मरेपर्यंत मोजत होता. बोतोम, याला चहा दे, घसा कोरडा पडलाय त्याचा."

सायकाल पेल्यात चहा ओतत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय आणि आपण चहा ओततोय, याचा तिला इतका राग आला की पेला काठोकाठ भरला. इकडे पेला काठोकाठ भरून देणं म्हणजे उठा आता, निघा. तेमिरकुलनं पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पाणी संपलंय," ती म्हणाली आणि सामोवार उचलून बाहेर गेली.

तो मागोमाग अंगणात आला. हे तिला माहीतच होतं. ती नळाखाली सामोवार धरून उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून.

"सायकाल. डॉक्टर काय म्हणाला होता?"

"मोठे आके, मी बहिरी नाही. मीही तिथंच होते."

"पहिल्या बर्फापर्यंत म्हणाला. आज ऑगस्ट संपतोय." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आत बसून ती दहा वर्षांचा सौदा करतेय. तू दोन महिन्यांचा करतेयस. तुला माहितीये, तिला नाही. असा कागद कोर्टात एक दिवस टिकत नाही. याला फसवून घेणं म्हणतात."

"मग तुम्हीच जाऊन सांगा त्यांना."

त्यानं घराच्या दाराकडे बघितलं.

"सांगा की. तुमची आई आहे."

"नानची शपथ आहे," तो म्हणाला.

"ती घातली कुणी?"

त्यानंच घातली होती. जूनमध्ये, इस्पितळाच्या व्हरांड्यात. आपा आत सुई टोचून घेत होती आणि नर्सला विचारत होती की तुझं लग्न झालंय का. डॉक्टरनं यकृताचं सांगितलं. तेमिरकुलनं जिपारच्या पिशवीतला नान काढला, त्याचे तीन तुकडे केले आणि म्हणाला, आपाला कळता कामा नये. जो सांगेल त्याच्या अंगाला हा नान लागू नये. तिघांनी तुकडे खाल्ले. सायकाललाही तुकडा मिळाला. घरची मोजणी करताना तिला धरलं ते तेवढंच एकदा. आपाला सांगितलं, पित्ताचे खडे आहेत, औषधानं विरघळतील.

कारणही होतं. बाबांना सांगितलं होतं. फुफ्फुसाचं आहे, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, आणि बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. नऊ दिवस कुणाशी बोलले नाहीत, काही खाल्लं नाही. दहाव्या दिवशी त्यांना दफनाला नेलं. डॉक्टरनं सहा महिने सांगितले होते.

"म्हणजे सांगितलं तर शपथ मोडली," सायकाल म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर फसवलं. झकास."

"सही करू नकोस, एवढंच म्हणतोय. मी तुला उघड्यावर टाकणार नाही. कुठंतरी एखादी खोली बघू."

"लिहून द्या."

तेमिरकुलनं खिशात हात घातले. नळाचं पाणी सामोवारातून बाहेर वाहायला लागलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

जिपार दारात येऊन उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"सायकाल," ती हळू आवाजात म्हणाली, "घराचं काहीही होऊ दे. पण तिला सांगू नकोस. ती तिकडे तोंड फिरवेल बघ. बाबांसारखं. मी परत ते नाही बघू शकत."

"मी बघू शकते का एजे?" सायकाल म्हणाली. "तेव्हा ताट घेऊन कोण बसलं होतं त्यांच्याजवळ?"

नोटरीबाई तीन वाजता यायची ती सव्वातीनला आली. क्लारा तिचं नाव, बुटकी, धापा टाकणारी, काखेत फाइल. तिनं चहा नको म्हटलं, मग दोन पेले प्यायली. मग मुलांना म्हणाली, तुम्ही बाहेर बसा. तेमिरकुल म्हणाला, मी मोठा मुलगा आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

दार लागलं. खोलीत तिघी उरल्या.

"आपा, आज वार कुठला?"

"मंगळवार. आणि तू उशिरा आलीस."

"घर कुणाला देताय?"

"हिला. सायकाल सुयुन्बेक-किझी." आपानं नाव ठासून घेतलं, शाळेत कविता म्हणतात तसं. तिनंही पाठ केलं असणार. सायकालला हसू आलं.

"कुणी सांगितलं म्हणून देताय?"

"मला कोण सांगणार? मी सांगते, लोक ऐकतात."

क्लारानं चष्मा वर केला. ती साधं बोलायची, मुलांना हिशेब शिकवावा तसं. "हे दान नाही. दानात देणारा देतो आणि विसरतो. हा करार आहे, यात दोन हात आहेत. तुमच्याकडून घर, हिच्याकडून सांभाळ. हिनं सांभाळलं नाही तर तुम्ही घर परत मागू शकता. दोघींना सगळं माहीत असायला हवं, दोघींची मर्जी हवी, आणि दोघींनी एकाच गोष्टीला हो म्हणायला हवं. एवढंच असतं कराराचं. बाकी सगळं शाई."

मग तिनं वाचलं. तीन वेळचं जेवण. ऋतूप्रमाणे कपडे. औषधपाणी, अंघोळ, आजारपणात रात्रंदिवस सोबत. आणि शेवटी रीतीप्रमाणे दफन, एक घोडी कापून.

"घोडी जाडी बघ," आपा म्हणाली. "उपाशी घोडी कापलीस तर उठून बसेन." मग तिनं बोट वर केलं. "थांब. हिनं अकरा वर्षं केलं ते कुठाय यात? तेही लिही. माझा पाय मोडला तेव्हा चार महिने पाठीवर घेऊन संडासला नेत होती."

"ते लिहिता येत नाही आपा."

"का?"

"ते तिनं काही न ठरवता केलं. झालेलं काम बदल्यात धरत नाहीत. कागद पुढचं बघतो."

"विचित्रच आहे तुझा कागद," आपा म्हणाली. "असू दे. पुढचं भरपूर आहे. दहा वर्षं धर. एवढ्यात हिचं फिटेल."

सायकाल खाली अंथरलेल्या शिर्डाकच्या, लोकरी गालिच्याच्या, नक्षीकडे बघत होती. लाल शिंग, काळं शिंग, लाल शिंग. नुसतं बसून राहायचं होतं. अजून पाच मिनिटं. मग सही, मग घर. तेमिरकुल कोर्टात जाईल किंवा जाणार नाही, तो तोंडानं बोलतो तेवढं करत नाही. तिनं मनात नाव तयार ठेवलं. बुरुलचा जुमाबाय-किझी.

क्लारानं कागद तिच्या हातात दिला. "वाचायच्या आधी एक विचारते. दोघींना विचारते, नेहमीच विचारते. एकीला असं काही माहीत आहे का, जे दुसरीला माहीत नाही, आणि माहीत झालं तर तिचा विचार बदलेल?"

"माझं काय लपणार?" आपा म्हणाली. "पित्ताचे खडे आहेत, ते हिलाच ठाऊक. औषध तीच देते. आणि तब्येत विचारशील तर," तिनं बंडी दोन बोटांत धरून ताणली, "ही बघ. वीस वर्षांपूर्वीची. इंचभर फरक नाही."

ताणल्यावर काखेखालची कड उलटली. आतली दुमड बाहेर दिसली, जाड, तीनदा शिवलेली, वरच्या टाक्यांचा दोरा नवा आणि जास्त जांभळा. क्लारानं ते बघितलं. मग सायकालकडे बघितलं. बराच वेळ.

"आणि तुला?" क्लारानं विचारलं.

सायकालनं कागदावर बघितलं. 'मी सायकाल सुयुन्बेक-किझी, हिच्याबरोबर' आणि पुढे ते नाव, छापलेलं, मोठ्या अक्षरांत. तिनं कागदाची घडी घातली.

"मला सही नाही करायची."

आपा हसली. "चेष्टा करते ही. सकाळपासून तोंड असंच आहे तिचं."

"चेष्टा नाही आपा."

"म्हणजे काय?" आपाच्या आवाजात अजून हसू शिल्लक होतं. "घर नको तुला?"

सायकालनं कागदाची आणखी एक घडी घातली. काहीतरी कारण द्यायलाच हवं होतं, आणि तिच्याकडे एकच खरं कारण होतं.

आपा तिच्याकडे बघत होती, म्हातारी माणसं सुईत दोरा ओवताना बघतात तशी. मग ते हसू हळूहळू गेलं. तिला काहीतरी सापडलं होतं.

"दहा वर्षं जास्त होतात," आपा म्हणाली. "तेच ना? अकरा झाली, आणखी दहा. मी विचारच नाही केला. तू एक्केचाळीसची आहेस. तुला दहा वर्षं जास्त होतात."

बाहेर कुणीतरी गाडीचं दार उघडून पुन्हा लावलं.

"हो," सायकाल म्हणाली.

सबंध दिवसात तेवढं एकच हो असं होतं की ज्याच्या मागे 'पण' नव्हता.

क्लारानं कागद गोळा केले. तिनं आपाचा हात दोन्ही हातांत धरला, आणि निघाली. फाटकापर्यंत सायकाल तिच्याबरोबर गेली.

"दानपत्राचा रस्ता आहे," क्लारा म्हणाली. "त्यात बदल्यात काही नसतं."

"आता?"

क्लारानं घराकडे बघितलं. "नाही. आता नाही देणार त्या."

"तुम्ही विचारलंच नसतं तर?"

"विचारावंच लागतं गं," ती म्हणाली, आणि चष्मा पुसत रस्त्याला लागली.

गाडीपाशी जिपार भावाशी भांडत होती, दबक्या आवाजात, दातांतल्या दातांत. "आपण लिहून देऊ तिला आके. तू आणि मी. तिनं राहायचं म्हणून. आत्ता, या नोटरीला परत बोलावून."

"एसेनचीही सही लागते. नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी? नंतर आपल्याकडे काय उरणारेय?"

तेमिरकुल गाडीवर हात टेकून उभा होता. त्याचा चेहरा ओला होता, आणि तो पुसायला त्याच्याकडे काही नव्हतं. सायकालला त्याचा राग यायला हवा होता. यायचाच. पण रडणारा माणूस तिला कधीच नीट हाताळता आला नव्हता. तिनं डोक्याचा रुमाल ओढून त्याच्या हातात कोंबला.

"पुसा. आत जाऊन आपाचा निरोप घ्यायचाय तुम्हाला. आणि हसत घ्या."

जिपारनं तिला मिठी मारायला हात पसरले.

"राहू द्या एजे. भांडी पडलीयत."

कलिंगड कुणी कापलंच नाही. ते ओसरीवर तसंच राहिलं.

ते गेल्यावर सायकालनं धार काढली, चूल पेटवली, दुधाचा चहा केला. उन्हं अजून खिडकीत होती. आपानं स्वतःच बंडी काढून घडी करून उशाशी ठेवली होती. वेणीही सोडली होती.

सायकालनं चहा ठेवला आणि रोजच्यासारखी पायाशी बसून घोंगडीत हात घातला. आपानं पाय आत ओढून घेतले.

"राहू द्या," आपा म्हणाली. "तुम्ही दमला असाल."

सायकालचा हात घोंगडीखाली तसाच राहिला. कुणाला बोलतेय ही, असं वाटून तिनं क्षणभर दाराकडे बघितलं.

"जिपारला सांगितलंय मी, एखादी बाई बघ म्हणून. मिळेपर्यंत तुम्हाला त्रास होईल, सायकाल. मला माहितीये."

"बाई नको आपा. मी आहे."

"किती दिवस?"

विचारताना टोमणा नव्हता तिच्या आवाजात. पाहुणीला विचारतात तसं विचारलं होतं, नीट, अदबीनं.

"आहे तोवर आहे," सायकाल म्हणाली.

"बरं." आपानं चहाचे दोन घोट घेतले. "शुक्रवारी शेजारच्यांकडे जेवण आहे. नातवाचं. बंडी बाहेर ठेवा. लोक म्हणायला नकोत की म्हातारी खंगली."

"ठेवते."

थोड्या वेळानं आपाला झोप लागली. सायकाल वाकून बघून आली. तोंड खिडकीकडे होतं. भिंतीकडे नव्हतं. तिनं पुन्हा एकदा बघितलं, खात्री करायला.

मग ती बंडी घेऊन ओसरीवर कलिंगडाच्या शेजारी बसली. जांभळा दोरा संपत आला होता. तिनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, आणि ओठ मिटलेले असतानाच ते नाव पुटपुटलं, सबंध, कुठंही न अडकता. ऐकायला गायसुद्धा जवळ नव्हती.

मग तिनं जुने टाके उसवले आणि दोन्ही बाजूंनी बंडी आणखी अर्धं बोट आत घेतली.